घरात येणारे पैसा किडे: औषध मारण्याआधी जोत्याभोवती एक फेरी मारा

प्रश्न असा आहे. जुळे सोलापुरात तळमजल्याचं घर, बांधून चार वर्षं झाली. एका बाजूला रिकामा प्लॉट, मागे छोटी बाग आणि पाण्याचा हौद. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात, पोर्चमध्ये आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तीस-चाळीस पैसा किडे सापडतात. मीठ टाकून झालं, फिनेल ओतून झालं, मुंग्यांचा खडू ओढून झाला, एकदा रॉकेलही शिंपडलं. दोन दिवस कमी होतात, पुन्हा येतात. घरात दहा महिन्यांचं बाळ रांगतंय. हे किडे चावतात का, विषारी असतात का, आणि ते कायमचे जातील असं औषध कोणतं, असं ताईंनी विचारलंय.

ताई, आधी बाळाचं सांगतो, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. पैसा किडा चावत नाही. त्याला नांगी नाही, डंख नाही, रक्त शोषणारं तोंड नाही. कुजका पाला, ओलं लाकूड, बुरशी, फार तर एखादं कोवळं रोप किंवा जमिनीला टेकलेलं पिकलं फळ, एवढंच त्याचं खाणं. धोका आहे तो त्याच्या अंगातल्या रसाचा. अंगावरच्या बहुतेक वळ्यांना दोन्ही बाजूंनी बारीक ग्रंथी असतात आणि चिरडला किंवा घट्ट पकडला की त्यातून उग्र वासाचा पिवळसर रस बाहेर येतो. आपल्याकडच्या लांब, गोल अंगाच्या किड्यांच्या रसात बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात. ती त्वचेला लागली की आग होते आणि तपकिरी-जांभळा डाग पडतो. डाग साबणाने जात नाही, काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी आपोआप फिका होतो. चपटे, काळे, कडेला पिवळसर पट्टा असलेले जे लहान किडे झुंडीने दिसतात, त्यांच्या रसाला कडू बदामाचा वास येतो. त्यात हायड्रोजन सायनाइडचा अंश असतो. नाव ऐकून घाबरू नका. मोकळ्या हवेत एका किड्यातलं प्रमाण माणसाला बाधण्याइतकं नसतं. मात्र मुलांना हे किडे बाटलीत भरून झाकण लावून खेळू देऊ नका.

बाळाच्या हातात किडा आला तर तो सोडवून हात लगेच साबणाने धुवा. तोंडात घातला तर बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून तोंड आतून पुसा आणि थोडं पाणी पाजा. ओठ-जिभेची आग होऊन बाळ रडेल, लाळ गळेल. सूज वाढतेय, उलट्या थांबत नाहीत किंवा श्वासाला त्रास होतोय असं वाटलं तर दवाखान्यात न्यायला वेळ लावू नका. सर्वांत जपायचे ते डोळे. किड्याला हात लावून मुलं डोळे चोळतात आणि रस डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होऊ शकते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं. गुलाबपाणी, तूप, दूध, घरात पडून असलेले जुने थेंब, यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

एक गोष्ट डॉक्टरांकडे जाताना आवर्जून सांगा. शाळेच्या बुटात रात्री किडा शिरतो, सकाळी घाईत बूट घातला की चिरडतो आणि संध्याकाळी मुलाचा अंगठा काळानिळा दिसतो. रक्तपुरवठा बंद पडला, भाजलं किंवा कोणी मारलं असा समज होऊन मोठ्या तपासण्या झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बुटात, मोज्यात मेलेला किडा सापडला असेल तर तो सोबत न्या. पावसाळ्यात बूट जमिनीवर न ठेवता रॅकच्या वरच्या फळीवर ठेवायचे आणि घालण्याआधी उलटे करून आपटायचे. विंचवासाठी आपल्या घरांत ही सवय होतीच, ती पुन्हा लावून घ्या.

आणि हो, तुमच्या घरातला किडा पैसा किडाच आहे ना, हे एकदा नीट बघा. कोणी त्याला वाणी म्हणतं, कोणी नुसतं पैसा. त्याला हात लागला की तो वेटोळं करून पडून राहतो, चालतो संथ, आणि अंगाच्या जवळजवळ प्रत्येक वळ्याखाली पायांच्या दोन जोड्या असतात. गोम मात्र चपटी, चपळ, प्रत्येक वळ्याला पायांची एकच जोडी, डिवचलं की वेटोळं न करता सुसाट पळते, आणि ती चावते. गोम झुरळं आणि इतर किडे खाऊन जगते, त्यामुळे तिचा बंदोबस्त वेगळा. एका घरात दोन्ही असू शकतात, कारण दोघींना ओल आणि अंधार लागतो.

आता कायमच्या औषधाचं. असं औषध नाही, आणि तसा दावा करून वर्षाचा करार पुढे करणाऱ्याला मी तरी घरात घेणार नाही. कारण साधं आहे. तुम्हाला सकाळी दिसणारे चाळीस किडे तुमच्या घरात जन्मलेले नाहीत. पैसा किड्याची मादी ओल्या मातीत अंडी घालते, पिल्लं मातीत वाढतात, कात टाकत टाकत त्यांचे वळे आणि पाय वाढतात आणि बऱ्याच जातींना पूर्ण वाढायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हे सगळं बाहेर, पाल्याखाली, कुंड्यांखाली, हौदाच्या कडेच्या ओल्या पट्ट्यात चालतं. घरातल्या कोरड्या फरशीवर तो फार तर एक-दोन दिवस काढतो. कीटकांच्या अंगावर पाणी राखून ठेवणारा मेणासारखा थर असतो, तो याच्या अंगावर जवळपास नसतो. श्वासाची छिद्रंही त्याला नीट बंद करता येत नाहीत. पंख्याखाली तो सुकून मरतो. म्हणजे आत आलेल्यांना तुम्ही औषध मारा किंवा न मारा, ते मरणारच होते. उद्या येणारे मात्र भिंतीबाहेर शाबूत आहेत. म्हणून फिनेल, खडू, रॉकेल सगळं करून दोन दिवसांनी पुन्हा तेच चित्र.

यांची जागा खरोखर जमिनीखालचीच. ऑस्ट्रेलियात खाणीसाठी घेतलेल्या छिद्रातून 60 मीटर खोलीवर एक जात सापडली आणि 2021 साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिला 1306 पाय मोजले गेले. हजारावर पाय असलेला हा पहिलाच प्राणी. अंधाऱ्या, ओल्या जागेसाठी घडलेला जीव माणसाच्या न्हाणीघरात येतो तेव्हा त्याची जमीन राहण्याजोगी उरलेली नसते. ती का उरली नाही, हे शोधलं की उपाय सापडतो.

सोलापुरात या किड्यांच्या मोठ्या लाटा वर्षातून दोनदा येतात, आणि मधल्या उघडिपीत ते वेगळ्याच कारणाने घरात शिरतात. आपल्याकडे पाऊस तसा कमीच, तोही लहरी. उन्हाळ्यात काळी माती तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पैसा किडे त्या भेगांतून खोल ओलीला जाऊन बसतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की या मातीला पाणी जिरवता येत नाही. ती फुगते, भेगा मिटतात, आतली हवा संपते, आणि सगळे एकदम वर येतात. ही पहिली लाट. ती वरच्या दिशेने, भिंतीकडे, पायऱ्यांकडे, पोर्चकडे येते, कारण तेवढीच जागा पाण्याबाहेर असते. दुसरी मोठी लाट सप्टेंबरात, आपला सर्वांत जास्त पाऊस तेव्हाच पडतो. तोवर तीन महिन्यांत वाढलेली पिल्लंही तिच्यात असतात, म्हणून संख्या जास्त वाटते.

या दोन्हींच्या मधे जुलै-ऑगस्टात पावसाची उघडीप पडते, जमीन वरून कोरडी होते, आणि तेव्हा हेच किडे उलट कारणाने आत येतात, पाण्याच्या शोधात. मग ते पोर्चमध्ये दिसत नाहीत, ते दिसतात न्हाणीत, मोरीत, हौदाच्या भिंतीवर आणि कपडे धुण्याच्या दगडाखाली. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे हौद, बॅरल, टाक्या प्रत्येक घरात, आणि पाणी आलं की हौद भरून वाहतो. आजूबाजूची माती तापत असताना हौदाभोवतीचा दोन फुटांचा पट्टा बारमाही ओला. तुमच्याकडे पावसानंतर आणि उघडिपीतही येतात असं असेल तर मी आधी हौदाकडे बघेन.

त्यासाठी पैसे खर्च करायच्या आधी एक रात्र द्या. पाऊस थांबून तास-दोन तास झाले की रात्री नऊ-दहाच्या सुमाराला टॉर्च घेऊन घराभोवती एक फेरी मारा. भिंतीच्या पायथ्याला, पायरीच्या खाली, पाइप बाहेर पडतात तिथे, चेंबरच्या झाकणाच्या कडेला उजेड टाका. किडे कुठून भिंतीवर चढतायत ते तुम्हाला दिसेल, बहुतेक घरांत दोन-तीनच जागा निघतात. ज्या फटीचा संशय येईल तिच्यासमोर घराच्या आतल्या बाजूला रांगोळीची पातळ रेघ टाका. सकाळी रेघ कुठे मोडली आहे ते बघा. पोर्च कोरडा असेल तर बाहेरूनही चालते. कुठलंही यंत्र याहून चांगलं सांगत नाही. बाळ उठायच्या आत रांगोळी पुसून घ्या.

तुमच्या वर्णनावरून मला काय सापडेल ते अंदाजाने सांगतो. विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे या बाजूंना शेतं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले, घरं झाली. खाली काळी माती तशीच आहे. घराचा पाया खोल असतो, तो हलत नाही; पण भोवतीचे पेव्हर ब्लॉक आणि पोर्चची शहाबादी फरशी भरावावर बसवलेली असते. माती फुगते-आकसते तशी ती वर-खाली होते आणि जोता व फरशी यांच्यामध्ये एक लांब फट पडते. बोटाच्या नखाएवढी. गवंडी दर वर्षी तिच्यात सिमेंट भरतो आणि ते पुढच्या उन्हाळ्यात तडकतं. सिमेंटला लवचिकता नाही, म्हणून ते या जागेसाठी नाहीच. फट खरवडून, धूळ काढून, पूर्ण कोरडी झाल्यावर आत फोमची दोरी दाबायची आणि वरून पॉलियुरेथेनचं लवचिक सीलंट भरायचं. हार्डवेअरच्या दुकानात ट्यूबमध्ये मिळतं, गनने भरतात. हे काम मे महिन्यात, फट सर्वांत रुंद असताना करावं. आत्ता पावसाळ्यात करायचंच असेल तर सलग चार-पाच दिवसांची उघडीप धरा, ओल्या फटीत ते चिकटत नाही.

दुसरी जागा मागचं दार. दाराखाली उजेड दिसत असेल तर किडाही जातो. दाराच्या खालच्या कडेला रबराची किंवा ब्रशची पट्टी स्क्रूने बसवा. नुसती चिकटवायची पट्टी पाणी लागून महिन्यात सुटते. उंबरा काढून टाकायची पद्धत हल्ली नव्या घरांत आली आहे. मागच्या दाराला तरी ग्रॅनाइटचा दीड-दोन इंचांचा उंबरा बसवून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. पैसा किडा तो चढू शकतो, पण दार आणि उंबरा यांच्यात बसवलेली पट्टी फरशीपेक्षा कितीतरी घट्ट बसते, आणि पावसाचं पाणीही आत येत नाही.

तिसरी जागा न्हाणीघर, आणि इथे लोक जाळीकडे बघतात पण तिच्याखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या ट्रॅपकडे बघत नाहीत. न्हाणी ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साठून राहायला हवं, ते वास आणि किडे दोन्ही अडवतं. पाहुण्यांसाठीची, वापरात नसलेली न्हाणी आपल्या हवेत आठवड्यात-दोन आठवड्यांत कोरडी पडते आणि चेंबरपासून घरापर्यंत मोकळा रस्ता होतो. अशा प्रत्येक न्हाणीत दर तीन-चार दिवसांनी एक तांब्या पाणी ओता. पाणी जपायचं शहर आहे हे मान्य, पण हा तांब्या वाया जात नाही. जाळी बारीक भोकांची स्टीलची घ्या. चेंबरचं झाकण तुटकं असेल तर बदला, कडेने माती-सिमेंटचा पातळ लेप द्या. नळाचे, गीझरचे, वॉशिंग मशीनचे पाइप भिंतीतून जातात त्या भोकांभोवती व्हाइट सिमेंट भरा, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंनी.

फटी बुजवणं निम्मं काम. उरलेलं निम्मं घराबाहेरच्या दोन फुटांचं. हा पट्टा कोरडा आणि उघडा ठेवला तर बाग सुखाने ठेवता येते. भिंतीला टेकलेल्या कुंड्या, विटांचा ढीग, उरलेल्या फरशा, जळणाची लाकडं, जुनी कुंडीतली माती, बदामाचा-अशोकाचा पडलेला पाला हे सगळं भिंतीपासून चार फूट लांब न्या. कुंड्या लोखंडी स्टँडवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. भिंतीलगत माती जोत्याच्या वरच्या पातळीला आली असेल तर सहा इंच खाली उतरवा आणि दीड-दोन फुटांच्या पट्ट्यात खडी पसरा. जमिनीला उतार घरापासून बाहेरच्या बाजूला हवा. पाऊस पडताना छत्री घेऊन उभे राहा, पाणी कुठे तुंबतं ते डोळ्यांनी दिसतं. गच्चीचा पन्हाळ भिंतीच्या पायथ्याशी सुटत असेल तर पाइप वाढवून पुढे न्या. एसीच्या पाण्याचंही तेच.

हौदाला फ्लोट व्हॉल्व, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी तोटी, बसवा. ताई, तुम्ही एवढं एकच काम करणार असाल तर हे करा. हौद भरून वाहायचा थांबला, त्याच्या भिंतीची गळती बुजली आणि कडेची माती वाळली की मागच्या दाराचे किडे निम्म्याहून कमी झालेले मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत. झाडांना पाणी संध्याकाळी घालत असाल तर सकाळी घाला. रात्री किडे फिरतात, तेव्हा वरची माती सुकलेली असावी.

तोपर्यंत रोज सकाळी जे सापडतील त्यांचं काय? झाडूने सुपलीत घ्या आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, किंवा जिवंतच बागेच्या टोकाला, कंपोस्टच्या खड्ड्यात सोडा. पायाने चिरडू नका. शहाबादी फरशीवर त्या रसाचा डाग बसतो आणि वासही राहतो. हाताने उचलायचे तर रबरी मोजे. संख्या फार असेल तर सापळा लावा: जुनं गोणपाट ओलं करून रात्री घरापासून आठ-दहा फुटांवर, रिकाम्या प्लॉटच्या बाजूला पसरायचं, खाली काकडीच्या किंवा कलिंगडाच्या साली ठेवायच्या. सकाळी ऊन चढण्याआधी गोणपाट उचललं की खाली गोळा झालेले सापडतात. सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर हे किडे पडतात तेव्हा शेतातही ओल्या गवताचे ढीग ठेवून त्याखालचे किडे वेचतात, तीच युक्ती.

तुम्ही केलेल्या उपायांबद्दल बोलतो. मीठ बंद करा. जिथे पडतं तिथली माती नापीक होते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर जोत्यात उतरलं तर प्लास्टर फुगतं, सळईला गंज धरतो. रॉकेल बाळ असलेल्या घरात कुठेच नको, आग आणि विषबाधा दोन्हींचा धोका. मुंग्यांच्या खडूत पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक असतं. ओल्या फरशीवर रेघ टिकत नाही आणि रांगणाऱ्या बाळाचा हात नेमका तिथेच जातो. चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंत थोडं काम करते, ओली झाली की नाही. कळीचा (न विझवलेला) चुना तर आणूच नका, त्याने डोळा आणि त्वचा भाजते. फिनेलने अंगावर पडेल तेवढेच मरतात.

यापेक्षा गंभीर एक गोष्ट. मोरीत किडे दिसले की काही घरांत टॉयलेटचं ॲसिड ओततात आणि वरून ब्लीचिंग पावडर टाकतात. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं होरपळवतो. किडे राहू देत, हे कधीही करू नका. उकळतं पाणीही प्लास्टिकच्या पाइपात ओतू नका, सांधे सुटतात.

शेतीच्या दुकानातून आणलेलं औषध घरात मारू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. फोरेटचे दाणे आणि डायक्लोरव्हॉस ही दोन्ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत, जुन्या बाटल्या माळ्यावर सापडतात. या दोन्हींवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. फोरेटचे दाणे कुंडीत टाकून त्याच बागेत मूल खेळतंय, असं मी पाहिलं आहे आणि तेव्हा जीव थरकापला होता.

मग फवारणी कधीच करायची नाही का? करायची, पण पाला उचलून, फटी भरून, हौदाची गळती थांबवून झाल्यावर, तरीही येत असतील तर. ती घराबाहेर करायची. भिंतीवर एक फूट उंच आणि जमिनीवर दोन-तीन फूट रुंद असा सलग पट्टा, घरगुती वापरासाठी नोंदणी असलेलं डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन, लेबलवर दिलेल्या प्रमाणात. पाल्यावर मारलेलं औषध पाल्यावरच राहतं, खालच्या किड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी सफाई. पुढचे एक-दोन दिवस कोरडे जाणार असतील तेव्हाच मारा, नाहीतर पैसे पावसात. हौद, बोअरची केसिंग आणि विहीर यांच्याजवळ अजिबात नको. ही औषधं माशांना आणि मांजरांनाही फार बाधतात. फवारलेलं पूर्ण वाळेपर्यंत बाळाला आणि पाळीव जनावरांना बाहेर सोडू नका. माणूस बोलावलात तर त्याच्याकडे कीटकनाशक फवारणीचा परवाना आहे का ते विचारा, डब्यावरचं लेबल वाचून दाखवायला सांगा, आणि तो सगळा पंप घरातल्या फरशीवर मारायला लागला तर थांबवा. फवारणीनंतर दोन-तीन दिवस मेलेले किडे जास्त दिसतात. ते औषधाच्या पट्ट्यावरून आलेले असतात, त्यामुळे लगेच दुसरा हात मारू नका.

ज्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे त्यांनी पाइपच्या डक्टकडे आणि नर्सरीतून आणलेल्या कुंड्यांकडे बघावं. कोकोपीट आणि शेणखतातून पिल्लं येतात. नवी कुंडी आठवडाभर गच्चीत वेगळी ठेवून मग घरात आणावी. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाला लागून घर असेल तर मागच्या बोळातले सुताच्या कचऱ्याचे ओले गठ्ठे आधी हलवा. गावाकडे माळवदाच्या घरात किडे वरून पडतात, कारण छपराच्या मातीत ओल मुरते आणि गवत उगवतं. तिथे पावसाआधी वर नवी पांढरी माती चोपून गवत काढणं हाच जुना आणि बरोबर उपाय. पाळण्यावर मच्छरदाणी आणि पाण्याच्या भांड्यांवर झाकण हवंच.

बागेतले किडे मात्र राहू द्या. पडलेला पाला कुरतडून त्याची माती करण्याचं काम ते करतात. आपल्या कोरड्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत हे काम करणारे जीव आधीच थोडे आहेत. बागेच्या टोकाला पाला आणि ओल ठेवलीत तर ते तिथेच थांबतील. मला त्यांची कीव येते असं म्हटलं तर लोक बघत राहतात, पण वर्षानुवर्षं त्यांना मारण्याचे पैसे घेतल्यावर हे बोलणं मी माझं कर्तव्य समजतो.

राहिला शेजारचा रिकामा प्लॉट. गाजर गवत, टाकलेला राडारोडा आणि तुंबलेलं पाणी असेल तर तुमच्या बाजूचं काम करूनही तिकडून भर पडत राहील. मालकाचा पत्ता लागला तर त्यांना भेटून सांगा, बरेच लोक ऐकतात. नाही लागला तर फोटो जोडून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डासांचा मुद्दा अर्जात आधी लिहा, त्याची दखल लवकर घेतली जाते. गवत पेटवू नका. गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटून टाका. आणि कंपाउंडच्या भिंतीच्या आतल्या बाजूने वीतभर रुंद, वीतभर खोल चर काढून त्याला रस्त्याकडे उतार द्या आणि खडीने भरा. पाणी त्यातून निघून जाईल, आणि भिंतीखालून येणाऱ्या किड्याला मधे कोरडा पट्टा लागेल. खडीत माती साचू लागली की दर उन्हाळ्यात ती एकदा चाळून घ्यावी लागते.